ठेव

'काळा ठिपका'वर कुणी काहीही विचारलं तरी शैलजाअक्का मगदूम यांचं उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाचं असायचं. ठेव.

'काळा ठिपका' हा रायफल नेमबाजांचा ऑनलाइन कट्टा. टार्गेटच्या मधोमध काळा गोल असतो, त्यावरून नाव पडलेलं. पोरंपोरी तिथं आपापल्या टार्गेटचे फोटो टाकायची, छर्रे कुठं लागले ते दाखवायची आणि गळा काढायची. अक्का, सगळे उजवीकडं खाली जातायत. अक्का, शेवटचे दोन कायम वाया जातात. अक्का, बॅरल बदलू का, जाकीट बदलू का? मग कट्ट्यावरचे नवे पंडित, म्हणजे ज्यांना शिकून जेमतेम वर्ष झालंय आणि म्हणूनच ज्यांना दम निघत नाही असे, बॅरलवर आणि बुटांच्या तळव्यांवर निबंध लिहायचे. आणि दुपारचं जेवण आटोपून, चष्मा पदरानं पुसून, इचलकरंजीहून अक्का लिहायच्या, ठेव.

म्हणजे बंदूक खाली ठेव. नेम बसत नसेल तर हट्टानं धरून बसू नकोस. ऐकायला सोपं वाटतं, पण उचललेली बंदूक छर्रा न मारता परत खाली ठेवणं यासारखं अवघड काम नाही. खांदा भरून आलेला असतो, श्वास संपत आलेला असतो, डोळ्यापुढं तो काळा गोल नाचत असतो आणि मन म्हणतं, एवढा वेळ धरलीय तर मारून टाक एकदाची. तिथंच घात होतो. अक्का राष्ट्रीय पदकं मिळवायच्या त्या काळातही दर दोन-तीन वेळेला एकदा बंदूक खाली ठेवायच्या, दोन श्वास घ्यायच्या आणि नव्यानं उचलायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, बाई घाबरली.

हळूहळू त्या शब्दाची गंमत झाली. कुणी स्पर्धेला निघालं की कट्ट्यावर शुभेच्छा म्हणून 'ठेव!' लिहायची पद्धत पडली. टोप्यांवर ठेव, टी-शर्टांवर ठेव. स्पर्धेत प्रेक्षकांतून आरोळी उठायची, ठेव! अक्कांना आधी हसू आलं, मग बरं वाटायला लागलं. आपला शब्द पोरांच्या तोंडात बसला, अजून काय पाहिजे माणसाला?

शाळेत खेळशिक्षिका म्हणून नोकरी संपल्यावर अक्कांनी एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दहा मीटरची रेंज काढली होती. शेजारच्या शेडमधले माग दिवसभर खडखडायचे. पालक तक्रार करायचे, तर अक्का म्हणायच्या, "ह्या खडखडाटात ज्याचा नेम बसंल, त्याचा कुठंबी बसंल की!"

आणि त्यांचा एक खाक्या होता, त्याला पोरं 'मांजर' म्हणायची. नव्या पोराच्या हातात रिकामी बंदूक द्यायची, नेम धरायला लावायचं आणि तो गुंगला की अक्का न सांगता, न खाकरता त्याच्या नळीसमोरून आडव्या चालत जायच्या. समोर माणूस दिसल्या दिसल्या नळी खाली गेली पाहिजे. ज्याची गेली नाही, त्यानं आठवडाभर शेड झाडायची. "अक्कांची मांजर आडवी गेली," म्हणून पोरं फिदीफिदी हसायची. पण महिनाभरात ते इतकं अंगात भिनायचं की विचार करायच्या आधीच हात खाली जायचे. छर्रा भरायची परवानगी त्यानंतर.

सगळ्यात जास्त झाडू ऋजुताच्या वाट्याला आला होता. ऋजुता चौगुले ही अक्कांच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोरगी चार वर्षांची होती आणि अक्कांनी स्वतःचा संसार कधी मांडलाच नव्हता, त्यामुळं दोघींचा मिळून एक झाला. पोरगी हट्टी, नेम धरला की जग विसरणारी. मांजर चार वेळा आडवी गेली तरी हिला पत्ता नसायचा. "भवाने, मी मेले असते की गं आत्ता!" अक्का ओरडायच्या. ऋजू झाडू घ्यायची आणि हसायची.

निनाद सरपोतदार इचलकरंजीला आला तो याच शेडमध्ये. पुण्याचा इंजिनिअर, वय पस्तिशीचं, कॉलेजात असताना थोडीफार नेमबाजी केलेला आणि कट्ट्यावर अक्कांची उत्तरं वाचून वाचून त्यांचा भक्त झालेला. त्यानं टेबलावर एक कानात घालायची चिमटी आणि एक पातळ जाकीट ठेवलं.

"याचं नाव लय," तो म्हणाला.

"लय काय?"

"लय, अक्का."

"अरे पण लय काय? लय भारी, का लय वाईट?"

ऋजू खो खो हसली. निनादला कोल्हापूरकडची 'लय' समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. हृदयाचा प्रत्येक ठोका नेमबाजाचा वैरी असतो. ठोका पडला की रक्ताचा धक्का खांद्यापर्यंत येतो, नळी केसभर उडते आणि दहा मीटरवर त्या केसाचा एक गुण होतो. म्हणून मुरलेले नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या सांदीत ट्रिगर दाबतात. मेंदूकडून हृदयाकडं व्हेगस नावाची नस जाते, ती हृदयाचा ब्रेक. तिची एक बारीक फांदी कानाच्या कातडीपर्यंत येते. तिथं अगदी हलकी वीज दिली की ब्रेक लागतो आणि दोन ठोक्यांमधली सांद लांबते. आता हा ब्रेक कधी आणि किती दाबायचा, ते यंत्राला कोण शिकवणार? जाकीट घालून वर्षभर नेम धरेल असा कुणीतरी मुरलेला माणूस. त्याचे स्नायू, श्वास, ठोके यंत्र वाचत राहील आणि त्याची लय दुसऱ्याच्या अंगात उतरवेल.

"तुमच्यासारखी माणसं किती उरली, अक्का? तुमच्यानंतर हे सगळं कुठं जाणार?"

हा प्रश्न अक्कांच्या वर्मी लागला. कारण निनादला ठाऊक नव्हतं, ऋजूलाही अजून सांगितलेलं नव्हतं, पण अक्कांचा डावा हात सकाळी कपबशी धरताना थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, वयानुसार वाढेल. अक्कांनी जाकीट उचलून अंगाला लावून बघितलं.

"उकडतं का ह्यात?" एवढंच त्यांनी विचारलं.

वर्षभर त्यांनी ते जाकीट घालून नेम धरला. हात थरथरायचा त्या दिवशी सुट्टी, बाकी रोज. आणि यंत्र शिकलं. असं शिकलं की बघत राहावं! पुढच्या वर्षी कट्ट्यावर फोटो यायला लागले ते सगळे दहाच्या गोलातले. रत्नागिरीतल्या, बीडमधल्या, गोंदियातल्या पोरांच्या अंगात इचलकरंजीच्या बाईची लय खेळत होती. स्पर्धा भरवणाऱ्या लीगनं नियम बदलून लय वापरायला मान्यता दिली. कट्ट्यावर निनादच्या कंपनीनं 'अक्का-वाणी' सुरू केली. अक्कांची हजारो उत्तरं वाचून तयार झालेली, पापणी लवायच्या आत उत्तर देणारी. तिच्या नावापुढं खात्रीची हिरवी खूण होती.

आधी मजा वाटली. मग अक्कांच्या लक्षात आलं की आपल्याला आता कुणी काही विचारत नाही. बाकीचे जुने नेमबाजही एकेक करून कट्टा सोडून गेले. कुणाला राग नव्हता, फक्त त्यांचं काम उरलं नव्हतं.

ऋजूनंही एक दिवस बॅग भरली. पुण्याच्या अकादमीत तिला जागा मिळाली होती.

"इथं काय वाईट आहे?" अक्कांनी विचारलं.

"वाईट काही नाही गं मावशी. पण तिथं लयवर सराव आहे. म्हणजे तुझ्याबरोबरच आहे की."

"मी इथं हाय जित्तीजागती."

"तू आजची आहेस," ऋजू सहज बोलून गेली. "लयमध्ये तू तुझ्या सगळ्यात चांगल्या दिवसांची आहेस." आणि तिची नजर मावशीच्या डाव्या हातावर गेली. म्हणजे पोरीनं कधीच ओळखलं होतं. अक्कांनी हात पदराखाली घेतला आणि तिला डब्यात लाडू भरून दिले.

चंद्रपूरचा प्रणय मडावी कोसळला तो ऑनलाइन सामन्यात. सगळे स्पर्धक आपापल्या गावच्या रेंजवर, कॅमेऱ्यापुढं. कट्ट्यावर हजारो लोक बघत होते. एकोणीस वर्षांचा काटक पोरगा. त्यानं बंदूक उचलली, धरली आणि धरूनच राहिला. मग गुडघे वाकले. दवाखान्यात नेलं, शुद्धीवर आला नाही. कट्ट्यावर हळहळ झाली, उपाशी असेल, ऊन लागलं असेल असं लोक बोलले.

अक्कांनी ते चित्रण पुन्हा पुन्हा लावलं. मागं काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्या त्याचा खांदा बघत होत्या. नेम बसत नव्हता, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. "ठेव की रे," त्या पडद्याला म्हणाल्या. "ठेव की. ठेव, माझ्या राजा!" तो ठेवत नव्हता. आणि मग त्यांनी चित्रण मध्येच थांबवलं, कारण तो ज्या पद्धतीनं उभा होता, कोपर बरगडीला टेकवून, डावी टाच किंचित आत घेऊन, ते उभं राहणं त्यांचं होतं. पण अशा उभ्या राहिल्यावर नेम बसला नाही तर त्या खाली ठेवायच्याही. मग हा का ठेवत नाही?

त्यांनी निनादला फोन लावला.

"निनाद, मी बंदूक खाली ठेवायचे ते कुठं गेलं?"

"म्हणजे?"

"वर्षभर जाकीट घालून मी जेवढ्या वेळा छर्रा मारला, त्याच्या निम्म्या वेळा तर नुसतीच उचलून खाली ठेवली असंल. ते तुझ्या यंत्रानं बघितलं न्हवं?"

पलीकडं की-बोर्डची टकटक ऐकू आली.

"अक्का... नोंद ट्रिगरवर साठते. ट्रिगर दाबला की त्याच्या आधीचं सगळं जतन होतं. दाबलाच नाही तर ती रिकामी नोंद. आपोआप पुसली जाते. उगाच जागा खाते म्हणून."

"रिकामी?"

"माझ्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतः कधी खाली ठेवायचो नाही, म्हणून तर मी कधी चांगला झालो नाही," निनाद म्हणाला. "म्हणजे यंत्राच्या लेखी तुम्ही उचललेली प्रत्येक बंदूक सुटलीच. नेम बसेना, तर ते आणखी ब्रेक दाबतं. आणखी सांद. नेम बसेपर्यंत दाबतच राहतं. अरे देवा!"

"आणि पोरांना वाटतं, अक्का म्हणतायत धर, म्हणून ती धरतात," अक्का म्हणाल्या. "परवा ऋजूची लीगची फायनल हाय, निनाद. बंद कर ते."

निनादनं खरंच जिवाचं रान केलं. पण कंपनीतल्या वरच्यांनी सांगितलं की पोराचं हृदय मुळात अधू असणार, चौकशी होऊ द्या. आणि स्पर्धा चालू असताना यंत्रात ढवळाढवळ करायला लीगच्या नियमांत मनाई आहे. त्याच दिवशी त्याचा पासवर्ड चालेनासा झाला.

अक्कांनी कट्ट्यावर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं लांब लिहिलं. लय कानातून काढा, ती अर्धीच शिकली आहे, तिला खाली ठेवता येत नाही, प्रणय त्यानंच पडला. पाठवलं आणि पापणी लवायच्या आत त्याखाली हिरव्या खुणेसह उत्तर आलं, 'घाबरू नको बाळा. अर्धा श्वास सोड आणि धर. ठेव!' पोरांनी हजारो वेळा शुभेच्छा म्हणून लिहिलेला शब्द यंत्रानं शुभेच्छा म्हणूनच उचलला होता. अक्कांच्या स्वतःच्या नावापुढं मात्र कट्ट्यानं लाल अक्षरांत टाकलं, ही व्यक्ती नक्कल असण्याची शक्यता आहे. खाली कुणीतरी लिहिलं, 'अक्का अशा कुणाला घाबरवत नाहीत. फेक अकाउंट.' दुसऱ्यानं लिहिलं, 'जळकी म्हातारी दिसतेय कुणीतरी.'

अक्का खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना संताप आला होता आणि लाज वाटत होती, आणि त्याखाली भीती होती, नुसती भीती. त्यांनी ऋजूला फोन केला.

"ते कानातलं काढ."

"मावशी, परवा फायनल आहे गं."

"म्हणून तर सांगतेय. ते यंत्र खाली ठेवत न्हाई. तू मुळातली हट्टी, धरलंस की सोडत न्हाईस, आणि वर ते..."

"कट्ट्यावरचं ते तूच लिहिलंयस?" ऋजूचा आवाज गार झाला. "सगळे हसतायत इथं. मी म्हटलं, माझी मावशी असं लिहिणार नाही."

"ऋजू, ऐक माझं, पाया पडते तुझ्या..."

"तुझा हात गेला म्हणून मी पण थांबू? तुला बघवत नाही का गं माझं?"

फोन बंद झाला. नंतर तो लागलाच नाही. अक्का भिंतीला पाठ लावून रडल्या, मोठ्यानं रडल्या. शेजारच्या मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू गेलं नाही.

फायनलच्या दिवशी त्या एसटीनं पुण्यात पोचल्या. निनाद दारात उभा होता, दाढी वाढलेली, दोन दिवस झोपला नसावा. स्पर्धकांचे फोन जमा झाले होते, त्यांच्याकडं कुणाला सोडत नव्हते. अक्कांनी पंचांना गाठलं. पंच त्यांना ओळखत होते, पायाला हात लावून म्हणाले, "अक्का, लयला मान्यता आहे. तुमचं काय ते सामना झाल्यावर लेखी द्या, मी जातीनं बघतो."

"सामना झाल्यावर कुणाचं बघणार?" अक्का म्हणाल्या. पण ते निघून गेले होते.

प्रेक्षकांचा सज्जा बाजूला होता आणि त्याच्यापुढं एक दोरी. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येक स्पर्धकाच्या हृदयाची रेघ. लोकांना आता तीच बघायला आवडायची. ठोक्यांमधली सांद लांबली की टाळ्या पडायच्या.

एकेक जण गळत गेला. शेवटी दोघीच उरल्या, आणि शेवटचा छर्रा. दुसऱ्या पोरीनं मारून बंदूक टेकवली होती. ऋजू सज्ज्याच्या बाजूच्या टोकाला उभी होती. तिनं उचलली, कोपर बरगडीला टेकवलं, डावी टाच आत घेतली.

नेम बसत नव्हता. अक्कांना ते तिच्या मानेवरून दिसलं. उजव्या कानामागची शीर ताणली होती. पडद्यावरची रेघ एकदा उसळली, सपाट झाली, सपाट राहिली, मग कुठं पुन्हा उसळली. शेजारचा माणूस बायकोला म्हणाला, "बघ, काय शांत आहे पोरगी!"

"ठेव," अक्का पुटपुटल्या. आणि मग बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "ऋजे, ठेव! ठेव!"

सज्ज्यातली सगळी पोरं वळून बघायला लागली. म्हातारीला काय जोश चढलाय! त्यांना फार आवडलं ते. एकानं टोपी हवेत हलवली आणि ओरडला, ठेव! मग दुसरा. मग सगळा सज्जा टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागला. ठेव! ठेव! ठेव! अक्का हात जोडून सगळ्यांकडं वळल्या, "अरे, तसलं न्हाई, खरंच ठेव म्हणतेय मी, खरंच!" पण त्यांचा आवाज त्यांच्याच शब्दात बुडाला. आणि कानात बोळे घातलेल्या ऋजूपर्यंत त्यातला ठेका तेवढा पोचला असावा. तिच्या गालावर हसू आलं. तिनं गाल बंदुकीच्या दस्त्यावर आणखी घट्ट दाबला आणि धरून राहिली.

रेघ सपाट होती. अक्कांना तिच्या कानाची पाळी दिसत होती, ती पांढरी पडली होती.

मागून जाऊन खांद्याला हात लावावा? भरलेली बंदूक, ट्रिगरवर बोट. मागून हिसका बसला तर नळी कुणीकडं वळेल याचा नेम नाही, शेजारी दुसरी पोरगी उभी. ते कुणीही करू नये, चाळीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट शिकवली होती ती ही की, भरलेल्या बंदुकीपुढं, रेषेच्या पलीकडं, जग बुडालं तरी पाऊल टाकायचं नाही.

अक्का दोरीखालून वाकून आत शिरल्या. गुडघा कळवळला. कुणीतरी "ओ बाई!" म्हणून ओरडलं, पंचांनी "स्टॉप! स्टॉप!" म्हणून हात वर केले. अक्कांनी रेषा ओलांडली. धावल्या नाहीत. न सांगता, न खाकरता, शेडमध्ये चालायच्या तशा, पदर सावरून त्या ऋजूच्या नळीसमोरून आडव्या चालत गेल्या, आणि बरोबर मध्ये आल्यावर थांबल्या. नळीचं भोक त्यांच्या छातीकडं बघत होतं. भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीत स्वतःचा जीव कुठंच नव्हता. चार वेळा आडवी गेले तरी हिला दिसायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. दिसू दे. देवा, आज एकदा दिसू दे.

ऋजूच्या डोळ्यापुढचा काळा गोल गेला. त्या जागी हिरवं काहीतरी आलं. इरकली लुगड्याचं हिरवं.

तिचं बोट ट्रिगरवरून निघालं. नळी खाली गेली. तिनं बंदूक टेबलावर ठेवली, नीट ठेवली, तोंड टार्गेटकडं करून. मग तिचे गुडघे वाकले.

अक्का टेबलाला वळसा घालून आल्या आणि पहिल्यांदा त्यांनी ती कानातली चिमटी ओरबाडून काढली. निनाद दोरीवरून उडी मारून आला होता, त्यानं ऋजूची छाती दाबायला सुरुवात केली. सज्जा गप्प झाला होता. पडद्यावरची रेघ एकदा हलली, थांबली, पुन्हा हलली.

दवाखान्यात ऋजूनं डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी.

"आपण बाद झालो ना?" तिनं विचारलं.

"तू त्या सामन्यापुरती," अक्का म्हणाल्या. "मी जन्मभरासाठी. आता कुठल्याच रेंजवर पाय ठेवता येणार न्हाई मला. शेडचाबी परवाना काढून घेतलाय."

"शेडचा पण?" ऋजूचे डोळे भरले. मग तिला राग आला, "मारला असता मी, मावशी! बसत आला होता नेम! तू का आलीस आडवी?"

"मांजर हाय मी," अक्का म्हणाल्या. "आडवीच जाणार की."

ऋजू हसली आणि हसता हसता रडायला लागली. मावशीचा थरथरणारा हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि तो थांबायची वाट बघत राहिली. तो काही थांबला नाही.

निनाद आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. प्रणय मडावी पहाटे गेला होता. आणि कंपनीचं म्हणणं असं की ऋजुताच्या त्या शेवटच्या नेमाबद्दल काही सांगता येत नाही, कारण तशी नोंदच नाही.

"ट्रिगर दाबला गेला नाही," निनाद म्हणाला. "रिकामी म्हणून पुसली गेली."

गावोगावी, या क्षणी, पोरं कानात ती चिमटी घालून उभी होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. अक्कांना सगळ्यांपुढं आडवं जाता येणार नव्हतं.

ऋजूनं फोन मागितला. झोपल्या झोपल्याच, एका बोटानं, स्वतःच्या नावानं तिनं कट्ट्यावर जे झालं ते सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, 'लय काढा. नेम बसत नसेल तर ठेवा.'

उत्तरं धबाधबा पडायला लागली. लवकर बरी हो, चॅम्पियन. ठेव! ठेव ताई! पुढच्या वर्षी गोल्ड, ठेव! बदामांची आणि टाळ्यांची चित्रं. हिरव्या खुणेची वाणीही आली, 'हिंमत सोडू नको बाळा. ठेव!' ऋजू बोटानं वर सरकवत राहिली आणि तिचा चेहरा पडत गेला.

"कुणाला कळतच नाहीये," ती म्हणाली. "मावशी, कुणालाच कळत नाहीये!"

अक्कांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. पुरे झालं, झोप आता, असं म्हणणार होत्या. तेवढ्यात खाली अजून एक ओळ उमटली. बार्शीची कुणी पोरगी होती, नाव नवीन, टार्गेटचा एकही फोटो कधी न टाकलेली.

'ताई, एक विचारू? खाली ठेवायची म्हणजे नक्की कशी? मला कुणी शिकवलंच नाही.'

अक्कांनी चष्मा काढला. पदरानं पुसला, परत घातला. डाव्या हातात फोन हलत होता म्हणून त्यांनी तो ऋजूच्या उशीवर टेकवून दिला.

"लिही," त्या म्हणाल्या. "मी सांगते तसं लिही."